दुर्मिळ लघु निवडुंगांचा संग्रह व फुलोरा : नागपूरच्या हवामानाच्या संदर्भात

प्रस्तावना :
मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द दोन भिन्न वनस्पतिकुलांसाठी वापरला जातो. दुधाळ चिकाचा तीनधारी निवडुंग एरंडाच्या कुलातील आहे, तर फड्या निवडुंग हा मूळचा अमेरिका खंडातील असून कॅक्टेसी कुलात मोडतो. ज्या लवदार बिंदूतून काटे व फुले उगवतात, तो ‘एरिओल’ ही या दुसऱ्या कुलाची खूण होय. त्यातील मॅमिलॅरिया, ॲस्ट्रोफायटम, टर्बिनिकार्पस, एरिओकार्पस यांसारखे मुठीत मावणारे प्रकार संग्राहकांना विशेष प्रिय आहेत. नागपूरच्या उन्हात ते सहज फुलत असावेत, असा सर्वसाधारण समज आहे. या समजाची तपासणी व या छंदाशी निगडित जबाबदारीचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रात्रीच्या तापमानाचे महत्त्व :
निवडुंग आपल्या खोडावरील रंध्रे रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवितो आणि दिवसा रंध्रे मिटून त्याचे शर्करेत रूपांतर करतो. म्हणून त्याच्या वाढीस थंड रात्र आवश्यक असते. मेक्सिकोतील चिवावा वाळवंटाचा बराच भाग समुद्रसपाटीपासून १००० मीटरहून उंच असल्याने तेथील रात्री शीतल असतात. नागपूरची उंची सुमारे ३१० मीटर आहे. येथे मे महिन्यात रात्रीचे तापमानही २८ अंशांच्या आसपास राहते. अशा वेळी वनस्पती वाढ थांबवून विश्रांती घेते; तिला भरपूर पाणी दिल्यास मुळे कुजतात. त्यानंतर येणारा १००० मिलिमीटरहून अधिक पाऊस ही दुसरी कसोटी होय.

फुलोऱ्यासाठी उपाययोजना :
विदर्भाची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून ती कुंडीसाठी अयोग्य ठरते. जाड रेती, विटांचे बारीक तुकडे, कोळसा व थोडे पानखत यांचे मिश्रण उपयुक्त असते. उन्हाळ्यात हिरव्या जाळीची सावली, पावसाळ्यात पारदर्शक छप्पर आणि सदैव खेळती हवा आवश्यक आहे.

नागपूरची खरी देणगी हिवाळा ही आहे. डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ बंद ठेवून पूर्ण ऊन दिल्यास अनेक मॅमिलॅरिया हिवाळ्याअखेर कळ्या धरतात. त्यांची फुले मागील हंगामात वाढलेल्या उंचवट्यांच्या बेचक्यांतून येतात; म्हणजे यंदाचे फूल हे गतवर्षीच्या निगेचे फलित असते. एरिओकार्पस मात्र पावसाळा संपताना फुलतो. उंच अँडीज पर्वतातील रेबुशियास अधिक कडक थंडी लागत असल्याने येथे त्याचा फुलोरा कठीण होतो. त्यामुळे हवामानास अनुरूप जातींची निवड ही पहिली पायरी ठरते.

संग्रहाची नीती :
दुर्मिळतेचे आकर्षणच या वनस्पतींच्या मुळावर आले आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यांकनात १४७८ जातींपैकी ३१ टक्के जाती संकटग्रस्त आढळल्या. छंदासाठी होणारी अवैध तोड हे त्याचे एक प्रमुख कारण होते. २०२० साली इटलीत चिलीच्या अटाकामा वाळवंटातून चोरलेले एक हजाराहून अधिक निवडुंग जप्त झाले. त्यांपैकी आठशेहून अधिक २०२१ मध्ये मायदेशी परत पाठविण्यात आले. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात एरिओकार्पस, टर्बिनिकार्पस व ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास यांचा समावेश आहे. भारतात २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात या कराराच्या अंमलबजावणीची तरतूद झाली.

येथेच फुलोऱ्याचे महत्त्व केवळ सौंदर्यापुरते राहत नाही. ॲस्टेरियाससारख्या जातींत स्वपरागणाने बीज धरत नाही. बियांपासून वाढविलेली किमान दोन भिन्न रोपे एकाच वेळी फुलावी लागतात व कुंचल्याने परागकण एकाचे दुसऱ्यास द्यावे लागतात. अशा रीतीने बागेत तयार झालेले प्रत्येक रोप रानातून उपटलेल्या रोपाची गरज कमी करते. मात्र जवळच्या जातींचा संकर टाळण्यासाठी नावाची व उगमाची नोंद काटेकोर ठेवली पाहिजे.

समारोप :
निवडुंगाचा छंद हा कोरड्या वाळवंटाची नक्कल नसून ऋतुचक्राचा सूक्ष्म अभ्यास आहे. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी बीजोत्पन्न रोपांचा छोटा संग्रह ठेवून रात्रीचे तापमान, पाणी व कळी धरण्याची तारीख यांची नोंद केल्यास विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र, परिस्थितिकी व कायदा यांचा एकत्रित परिचय होईल. दुर्मिळ वनस्पती जवळ बाळगण्यापेक्षा तिची संख्या वाढविणे, हेच खऱ्या संग्राहकाचे भूषण होय.