डासावरचा आळ

भातकुली हे गाव खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे गोडं पाणी मिळेल तेव्हा रांजण, टाकी, निळे ड्रम भरून ठेवायचे, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. डेंग्यू-चिकनगुनियाच्या एडिस डासालाही असंच साठवलेलं पाणी लागतं. त्याची अंडी ड्रमच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेघेवर चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. म्हणून ड्रम नुसता उपडा करून भागत नाही, घासावा लागतो.

डासाचं नाव एचआयव्हीशीही जोडलं गेलं, पण त्या गोष्टीत तो आधी आला नाहक आरोपी म्हणून. 1986 मध्ये चेन्नईत देशातले पहिले रुग्ण सापडले आणि पुढे कितीतरी वर्षं ‘डास चावला की एड्स होतो’ ही भीती लोकांच्या मनात राहिली. खरं तर हा विषाणू डासाच्या पोटात पचून जातो, आणि चावताना डास आधीच्या माणसाचं रक्त नव्हे, स्वतःची लाळ सोडतो.

डासाचा खरा गुन्हा चिकनगुनिया-डेंग्यूचा. चिकनगुनियाने 1973 मध्ये बार्शी शहर आडवं केलं, मग तो जवळजवळ विसरला गेला आणि 2006 मध्ये परतला. त्या वर्षी देशात सुमारे 14 लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. एचआयव्हीवरची मोफत औषधयोजना (एआरटी) तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती, आणि गोळ्या मिळायच्या त्याही प्रतिकारशक्ती पार खालावल्यावर. 2017 पासून एचआयव्हीचं निदान होताच उपचार सुरू होतात. हा फरक मोठा आहे: गोळ्या नियमित चालू असलेल्याला डेंग्यू सहसा इतरांसारखाच येतो आणि जातो. सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशी) घसरलेल्या माणसाची मात्र काळजी वाटते. त्याच्या प्लेटलेट आधीच कमी असू शकतात, आणि डॉक्टरला एचआयव्ही ठाऊक नसेल तर सगळा दोष डेंग्यूच्या माथी जातो.

माझ्या मते आजचा खरा धोका डासापेक्षा लपवाछपवीचा. ताप आला, सांधे धरले, की एचआयव्हीचं न सांगता गावात दुखण्याचं इंजेक्शन मारून घ्यायची सवय. एआरटीतल्या टेनोफोव्हिरसोबत डायक्लोफेनॅकचं असं इंजेक्शन म्हणजे किडनीवर दुहेरी ताण. त्यातून डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचीही भीती. एचआयव्हीबाधितांना गुप्ततेची हमी देणारा कायदा 2018 पासून लागू आहे, पण गावच्या दवाखान्यात कंपाउंडरही नात्यातला निघतो. आजाराचं नाव सांगायचा धीर होत नसेल तर निदान एवढं तरी बोलावं: ‘डॉक्टर, किडनीवर ताण येऊ शकेल असं औषध सुरू आहे. दुखण्याचं इंजेक्शन नको, पॅरासिटामॉल द्या.’ आणि तापात एआरटीची गोळी स्वतःहून बंद करू नये.