दोन गुणांचे मोल

रग्बीत चेंडू हाताने फेकायचा तो मागे किंवा बाजूला, आणि मजल मारायची ती मात्र पुढे! क्रिकेटवेड्या आपल्या वाचकांना हा न्याय जरा अजबच वाटेल. पुण्याची वाहबीझ भरूचा त्यातच रमली. व्यवसायाने ती फिजिओथेरपिस्ट. दुखावलेल्या सांध्यांना बळ देणे हे तिचे काम आणि खेळ निवडला तो धडकाधडकीचा.

जून २०१८ मध्ये सिंगापूर येथे पंधरा जणींच्या रग्बीत भारतीय महिलांनी आंतरराष्ट्रीय पदार्पण केले, तेव्हा संघाची धुरा वाहबीझकडे होती. पदरी पराभवच आला. पहिल्या विजयाची वाट किती लांब असू शकते, हे नामिबियाला विचारावे. १९९९ ते २०२३ पर्यंतच्या सातही पुरुष विश्वचषकांत हा देश उतरला. विजय एकही नाही.

आपल्या मुलींची प्रतीक्षा मात्र वर्षभरातच फळाला आली. जून २०१९, मनिला. समोर पुन्हा सिंगापूरच! सामना संपत आला असताना ओडिशाच्या सुमित्रा नायकने पेनल्टीचा चेंडू दोन खांबांमधून अचूक धाडला आणि तीन गुण मिळाले. गुणफलक २१-१९. वाहबीझ आणि तिच्या सहकारी खेळाडूंच्या नावे भारतीय महिलांचा या प्रकारातील पहिला आंतरराष्ट्रीय विजय नोंदला गेला.