जुन्या मोटारींतील बालासन

कळंबहून येरमाळा, येडशी, धाराशिव या मार्गानें तुळजापुरास दर्शनाला निघालेल्या मोटारींत घरांतलें सर्वांत लहान मूल कोठें असतें, हें सांगावयास ज्योतिषी नको. तें आजीच्या मांडीवर असतें. त्या मांडीइतकी निर्भय जागा दुसरी नाहीं, असें आपण मानीत आलों. आणि ओसरीवर तें खरेंही आहे. परंतु ताशीं ५० किलोमीटर वेगाची मोटार एकाएकीं आदळली म्हणजे आंतील माणसास बसणारा आघात सुमारें १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिमजली गच्चीवरून पडल्यासारखा असतो. त्या क्षणीं बाळ कोणाच्याही हातांत राहत नाहीं; उलट पट्टा न बांधलेल्या आजीचा सगळा भार त्याच्यावर येतो. उसाच्या हंगामांत मागें दिवा नसलेली ट्रॉली अंधारांत अकस्मात् पुढें येते, हें आपल्या भागांत कोणास ठाऊक नाहीं?

मागें बसणारास भय नाहीं, ही समजूतही सोडावयास हवी. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावरील अपघातांत सायरस मिस्त्री मृत्यु पावले. ते मागच्याच बैठकीवर होते व त्यांनीं पट्टा बांधलेला नव्हता. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्यानें किंवा बालासनानें सुरक्षित न केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनें एक हजार रुपये दंडही ठेविला आहे. पण दंडाची गोष्ट गौण.

खरी अडचण जुन्या मोटारीची. नव्या गाड्यांत बालासन, ज्यास बाजारांत ‘चाइल्ड सीट’ म्हणतात, तें अडकविण्यासाठीं बैठकीच्या सांदींत ‘आयसोफिक्स’च्या लोखंडी कड्या असतात, जुन्या गाडींत त्या बहुधा नसतात. त्यावरून निराश होऊं नये. गाडीच्याच पट्ट्यानें बांधावयाचीं आसनें मिळतात, व नीट बांधलीं तर तीं आपलें काम चोख करितात. मात्र आधीं पट्टा पाहावा. कड उसवलेली, उंदरानें कुरतडलेली किंवा बोल्ट गंजलेला असेल, तर तो अधिकृत कारखान्यांतून बदलून घ्यावा. मागें पट्टाच नसेल, तर बैठकीस दोरीनें आसन बांधणें ही निव्वळ आत्मवंचना होय. केवळ कमरेचा पट्टा असेल, तर पुष्कळ आसनें त्यावर चालत नाहींत. खरेदीपूर्वीं पुस्तिका वाचावी. नात्यांत हातोहात फिरत आलेलें आसन अपघातांत सांपडलेलें नाहीं ना, हें विचारण्यास संकोच कसला?

पट्टा आसनावर दाखविलेल्या वाटेनेंच ओवावा. मग एकानें आसनांत गुडघा रोवून भार द्यावा व दुसऱ्यानें पट्टा ओढावा. त्या वाटेजवळ धरून हालविलें असतां आसन एका इंचाहून अधिक सरकतां कामा नये. गाडीचे पट्टे बहुधा हिसका बसला तरच अडतात, एरवीं सैल सुटतात. म्हणून पट्टा धरून ठेवणारा स्वतःचा चाप असलेलें आसन घ्यावें. निदान सव्वा वर्षापर्यंत बाळाचें तोंड गाडीच्या मागच्या बाजूस असावें, कारण मान कोवळी असते. आणि एअरबॅग असलेल्या पुढच्या बैठकीवर असें आसन कधींही ठेवूं नये. थंडींत जाड स्वेटर उतरवून खांद्याचे पट्टे आवळावे, दुपटें वरून घालावें.

आसनानें एका माणसाची जागा जाते, हाच एकत्र कुटुंबांतला खरा तंटा. पांचांच्या गाडींत सात जण बसविण्याची आपली हातोटी जगजाहीर आहे! माझें मत स्पष्ट आहे: उरलेल्यांनीं एस. टी.नें यावें. आजीनें मात्र बाळाशेजारीं, आपला पट्टा बांधून बसावें. तेथून त्याचा हात धरतां येतो. तें रडूं लागलें तर गाडी थांबवावी, चालत्या गाडींत पट्टे सोडूं नयेत. आणि वैशाखांत गाडी उन्हांत उभी असेल, तर बाळास बसविण्यापूर्वीं बकलास हात लावून पाहावा.