बेझूचं प्रमेय आठ वर्षांच्या मुलाला

बीजभूमितीतलं बेझूचं प्रमेय लहान मुलाला नक्की समजावता येतं. बांगडी ठेवून वर्तुळ काढायला लावा, त्यातून पट्टीने रेघ ओढा: भेटी दोन. एक आडवं, एक उभं लंबवर्तुळ एकमेकांवर काढा: चार. रेघेची कोटी (तिच्या समीकरणातला सर्वांत मोठा घात) १, वर्तुळ-लंबवर्तुळाची २. कोटींचा गुणाकार म्हणजे भेटींची संख्या. एत्येन बेझू यांचा यावरचा ग्रंथ १७७९चा.

"रेघ नुसती चाटून गेली तर?" पोर विचारणारच, आणि खरं प्रमेय इथेच आहे. पट्टी हळूहळू कडेकडे सरकवा. दोन बिंदू जवळ येत एकात मिसळतात, म्हणून ती भेट दोनदा मोजायची. वर्तुळाला न शिवणाऱ्या रेघेसाठी संमिश्र संख्या लागतात, समांतर रेघांसाठी अनंतावरचे बिंदू. ते पुढे शिकेल. सिद्धतेविना हे गणित कसलं, असं कुणी म्हणेल. पण हिशोब जुळत नाही तिथे मोजायची रीत सुधारणं, हे गणितच आहे.