जीवो, योगी आणि गांधी

मोहन गोखले हे नाव घेतलं, की आज पन्नाशीत असलेल्यांना आधी ‘मिस्टर योगी’ आठवतो. १९८९ साली दूरदर्शनवर आलेली केतन मेहता यांची ही मालिका मधु राय यांच्या ‘किम्बल रेवन्सवूड’ या गुजराती कादंबरीवर बेतलेली होती. अमेरिकेहून लग्नासाठी आलेला योगेश पटेल बारा राशींच्या बारा मुली पाहतो, एवढीच गोष्ट. सूत्रधार होते ओम पुरी. अशी भूमिका अर्कचित्राच्या अंगाने करून हशा वसूल करणं सोपं असतं. गोखल्यांनी योगेशला विदूषक होऊ दिलं नाही. त्याची धांदल खरी वाटते, म्हणून हसताना त्याच्याविषयी मायाही वाटते. शुभांगी संगवई आणि त्यांची ओळखही याच मालिकेमुळे झाली. पुढे दोघांनी लग्न केलं.

पण या नटाची खरी उंची पाहायची तर नऊ वर्षं मागे, ‘भवनी भवाई’पर्यंत जायला हवं. १९८०चा हा गुजराती चित्रपट केतन मेहता यांचा पहिलाच. भवाई या लोकनाट्याचा बाज आणि ब्रेख्तची दृष्टी यांचा मेळ त्यांनी घातला होता. राजाच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह, सोबत स्मिता पाटील आणि ओम पुरी. गोखले जीवो झाले होते. जीवो जन्माने राजपुत्र, अस्पृश्यांनी वाढवलेला. राजाच्या विहिरीला पाणी लागावं म्हणून त्याचा बळी द्यायचं ठरतं, तेव्हा तो आपल्या मरणाची किंमत मागतो: आमच्या माणसांच्या गळ्यातलं मडकं आणि पाठीचा झाडू काढा. पेशवाईतल्या पुण्याबद्दल आपण जे ऐकत आलो, तेच हे मडकं आणि तोच हा झाडू. गोष्टीला दोन शेवट आहेत, एक सुखाचा आणि एक रक्ताचा. दोन्ही शेवट पेलायचे, तर जीवो ना हुतात्मा वाटायला हवा ना बापडा. माझ्या मते गोखल्यांचं हे सर्वांत मोलाचं काम.

‘स्पर्श’, ‘मोहन जोशी हाजिर हो’, ‘मिर्च मसाला’ अशा समांतर सिनेमांतही ते दिसत राहिले.

मग जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मध्ये ते गांधी झाले. बाबासाहेबांच्या भूमिकेत मामुट्टी होते. हा गांधी अवघड होता. इथे तो नायक नाही, आंबेडकरांच्या समोरचा पक्ष आहे. गोलमेज परिषदेत त्याच्याशी वाद घालायचा आहे. १९३२च्या सप्टेंबरात येरवड्यातल्या त्याच्या उपोषणाचं दडपण सोसत पुणे करारावर सही करायची आहे. जीवो साकारणाऱ्या नटाने हा गांधी साकारावा, याला मी निव्वळ योगायोग मानायला तयार नाही. अस्पृश्यतेच्या प्रश्नाकडे दोन अगदी वेगळ्या जागांवरून पाहण्याची संधी किती नटांना मिळते?

तिसरी जागाही त्यांच्या वाट्याला येणार होती. कमल हासन यांच्या ‘हे राम’मध्ये नायकाला गांधीहत्येच्या कटात ओढणाऱ्या श्रीराम अभ्यंकरची भूमिका त्यांना मिळाली होती. गांधी होते नसीरुद्दीन शाह, आणि ओम पुरीही त्या चित्रपटात होते. ‘भवनी भवाई’तली तीन माणसं वीस वर्षांनी पुन्हा एका पडद्यावर आली असती.

‘हे राम’चं चित्रीकरण चेन्नईत होतं. हे शहर मराठी घरातल्या माणसांना नवं नव्हतं. बंगळूरच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड सत्तरच्या दशकात इथल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकला आणि रजनीकांत झाला. गोखले मात्र ‘हे राम’च्या चित्रीकरणासाठी या शहरात आले आणि २९ एप्रिल १९९९ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने इथेच गेले. वय अवघं पंचेचाळीस. मुलगी सखी तेव्हा सहा वर्षांचीही नव्हती.

अभ्यंकरची भूमिका अतुल कुलकर्णी यांच्याकडे गेली. फेब्रुवारी २०००मध्ये तमिळ आणि हिंदीत ‘हे राम’ प्रदर्शित झाला आणि कुलकर्णींना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी साताऱ्याकडचे सयाजी शिंदे ‘भारती’त तमिळ महाकवी सुब्रह्मण्य भारती झाले. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ही २०००चाच. म्हणजे गोखल्यांचा गांधी लोकांसमोर आला, तेव्हा ते नव्हते. शुभांगी गोखले पुढच्याच वर्षी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधून घराघरांत पोहोचल्या, आणि २०१५मध्ये ‘दिल दोस्ती दुनियादारी’तून सखीही.