बांधापलीकडून येणारे ढालकिडे

धारूर तालुक्यातल्या तेलगावाजवळ बालाघाटचे डोंगर आहेत, सिंदफणेवरचा माजलगाव जलाशय आहे आणि मध्ये कापूस, तूर, ऊस, ज्वारी. एका शेतातले कीटक समजून घ्यायचे तर एवढा सगळा परिसर पाहावा लागतो.

कपाशी वाळू लागली की तिथला मावा संपतो. तो खाणारे ढालकिडे मग ज्वारी-करडईकडे उडतात. घाटेअळीचा पतंगही तसाच कपाशीवरून तुरीवर, हरभऱ्यावर जातो. फवारणीनंतर ओस पडलेलं शेत पुन्हा भरतं ते अशाच येणाऱ्यांनी. पण भक्ष्य आधी पोचतं, भक्षक बहुधा मागाहून. मधल्या काळात किडीला रान मोकळं.

ही ये-जा किती मोकळी असावी? कॅलिफोर्नियातल्या हफेकर या कीटकशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संत्र्यांवर कोळी कीड (माइट) आणि तिला खाणारे शिकारी कोळी सोडले. साध्या मांडणीत शिकाऱ्यांनी भक्ष्य जवळजवळ संपवलं आणि स्वतः उपाशी मेले. मग हफेकर यांनी वाटेत व्हॅसलिनचे अडथळे घातले, भक्ष्याला मात्र निसटायला वाट ठेवली. तेव्हा दोघंही बराच काळ टिकले.

शेताशेतांमधलंही तसंच आहे. कीटकांची ये-जा अगदीच थांबली तर तुटक जागी जाती एकेक करून नष्ट होतात. ती अति झाली तर वरचढ जाती सगळीकडे पसरतात. एका शेतात विविधता दिसली तरी अख्ख्या परिसराची घटते.

भक्षकांना शेताजवळच आसरा राहावा म्हणून शेतकऱ्यांना विनंती: बांधावरची बोर-बाभूळ सरसकट तोडू नका, कपाशीभोवती चवळी-मक्याची ओळ लावा.