लुटुपुटूच्या आखाड्यातला खरा डाव (लेखांक ७)

टोकियो डोममधल्या साकुराबा विरुद्ध रॉयस ग्रेसी लढतीच्या त्या नव्वद मिनिटांबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. सांगलीकडच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्याला उत्तर न देता पुढे गेलो, तर डोममधल्या लढतीतून तुमच्या हाती नुसती घड्याळातली वेळ लागेल. हे गृहस्थ उमेदीच्या वयात तालमीत राहिलेले, गावोगावची मैदानं मारलेले. प्रश्न रोखठोक आहे. काझुशी साकुराबा काही वर्षं निकाल आधी ठरलेल्या, लुटुपुटूच्या कुस्त्या करत होता असं तुम्हीच लिहिलंत. लुटुपुटूचा पैलवान खऱ्या लढतीत दोन मिनिटंही टिकत नाही. मग ब्राझीलच्या ग्रेसी घराण्यातल्या पोरांचे हात पिरगाळायला हा गडी शिकला कुठे?

लुटुपुटूचे पैलवान खरे लढू शकतात का, हा प्रश्न १९९७ च्या ऑक्टोबरात सगळ्या जपानला पडला होता. साकुराबाच्या संघाचा म्होरक्या नोबुहिको ताकादा टोकियो डोममध्ये रिक्सन ग्रेसीसमोर उभा राहिला आणि पाच मिनिटांच्या आत हात देऊन बसला. आपले कुस्तीगीर पोकळ निघाले, असं म्हणत लोक घरी गेले. ज्या तालमीचा मुख्य पैलवान असा हरतो, त्याच तालमीतला दुय्यम गडी पुढच्या सव्वातीन वर्षांत त्याच घराण्यातल्या चौघांना हरवतो. या कोड्याचं उत्तर काही जण ‘साकुराबाची उपजत अक्कल’ असं देतात. मला ते उत्तर आळशी वाटतं. अक्कल होतीच, पण त्या अकलेच्या हाती कुणीतरी हत्यार दिलं होतं.

आकिताच्या शाळेतली आणि चुओ विद्यापीठातली हौशी कुस्ती आपण तिसऱ्या लेखांकात पाहिली. त्या कुस्तीने त्याला पट काढायला, खाली न जायला, गेलाच तर उसळून उठायला शिकवलं. सांधा पिरगाळायला मात्र ती शिकवत नाही, कारण ऑलिंपिकच्या कुस्तीत सांधा मोडणाऱ्या पकडींना मनाईच आहे. म्हणजे हे हत्यार विद्यापीठातलं नाही. ते आलं १९९२ नंतर, यूडब्ल्यूएफआय या व्यावसायिक कुस्तीसंघाच्या तालमीत. आणि पत्रलेखकांची गफलत होते आहे ती इथेच. तिथला तमाशा ठरवलेला होता, सराव ठरवलेला नव्हता.

जपानी व्यावसायिक कुस्तीत नव्या पोराने हरायचं असतं. वरच्यांनी जिंकायचं, धाकट्यांनी पाठ टेकायची नाहीतर शरण आल्याचा हात थोपटायचा. साकुराबा १९९३ साली पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर उतरला तो हरायलाच, आणि नंतरही हरत राहिला. हरणं हा त्याच्या नोकरीचा भाग होता. पण सकाळी, प्रेक्षक नसताना, त्याच रिंगणात जे चालायचं त्याचा निकाल कुणी लिहून ठेवलेला नसे. चटईवर एकमेकांना धरायचं, आवळायचं, समोरच्याने थोपटलं की सोडायचं आणि पुन्हा धरायचं. आन्जो, तामुरा, कानेहारा असे एकाहून एक तयारीचे गडी तिथे होते. संध्याकाळी कोण जिंकणार हे कार्यालयात ठरे, पण कोण कुणाला खरोखर आवळू शकतो हे सकाळीच सगळ्यांना कळलेलं असे. ज्याला हे कळलं, त्याला त्या कुस्तीला नुसतं ‘खोटी’ म्हणून हातावेगळं करता येत नाही.

ही रीत आणली कार्ल गॉचने. हा मूळचा बेल्जियमचा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्ती खेळलेला. पुढे जपानात इनोकी, फुजिवारा, सायामा, माएदा अशा दोन पिढ्या त्याने घडवल्या. त्याला तिथे कुस्तीचा देव म्हणत. पत्रलेखकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे गॉच आपल्या जोर-बैठकांचा वेडा होता. मुद्गलही फिरवायचा. जपानी तालमीत नवा पोरगा आला की त्याला आधी बैठकांना जुंपतात, त्या शेकड्यांनी मोजायच्या असतात, आणि त्या बैठकांना तिथे आजही ‘हिंदू स्क्वॉट’च म्हणतात. साकुराबाच्या मांड्यांचं निम्मं श्रेय आपण घ्यायला हरकत नाही.

पण त्याच्या हाताचं श्रेय बिली रॉबिन्सनचं. मँचेस्टरचा हा माणूस यूडब्ल्यूएफआयमध्ये शिकवायला आला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. ऐन भरात असताना, १९७५ च्या डिसेंबरात, त्याने टोकियोत इनोकीबरोबर साठ मिनिटं बरोबरीची कुस्ती केली होती, आणि त्या कुस्तीबद्दल जुने जपानी शौकीन अजूनही हळवे होऊन बोलतात. शिकवताना त्याच्यापाशी दयामाया नव्हती. गॉच आणि रॉबिन्सन, दोघांचीही तालीम एकच: इंग्लंडात लँकेशायरमधल्या विगन गावी बिली रायली नावाच्या वस्तादाची पत्र्याची शेड. ते कोळशाच्या खाणींचं गाव. दिवसभर खाणीत राबलेली माणसं संध्याकाळी तिथे एकमेकांची हाडं मोजायला यायची. त्या शेडीला पुढे लोक ‘सापांचा खड्डा’ म्हणू लागले.

विगनची कुस्ती कशी असते ते जरा सावकाश समजून घेऊ, कारण साकुराबाचं सगळं मर्म त्यातच आहे.

आपल्या मातीतल्या कुस्तीत समोरच्याला चितपट केलं की संपलं. सांधा मोडून जिंकणं आपल्यात बसत नाही. ब्राझीलच्या जुजुत्सूत याच्या उलट: पाठ जमिनीला लागली तर काही बिघडत नाही, उलट ग्रेसी पोरं आपणहून पाठीवर पडतात आणि खालून पायांनी लढतात. तिथे निकाल फक्त गळा किंवा सांधा आवळून लागतो. विगनमध्ये दोन्ही चालतं. पाठ टेकवली तरी विजय, हात पिरगाळून शरण आणलं तरी विजय. या एका नियमामुळे तिथल्या माणसाच्या अंगाला निराळ्या सवयी लागतात. पाठीवर पडून राहायची त्याला सोयच नाही. तो पडला की लगेच पालथा होतो, गुडघ्यांवर येतो, म्हणजे पाठ वर करतो. जुजुत्सूत पाठ देणं हा सर्वात मोठा गुन्हा, कारण मागून गळ्याला हात येतो. ग्रेसींच्या घरात दुसऱ्याची पाठ मिळणं म्हणजे खजिना. विगनच्या माणसाला मात्र पाठीवर माणूस घेऊन जगायचं असतं, म्हणून त्याने तिथूनच उलट मारायचे डाव शोधले.

त्यातला राजा म्हणजे दुहेरी मनगटाची पकड. मागच्याने कमरेला मिठी घातली की त्याचा हात आपल्या पोटावर आलेला असतो. त्या हाताचं मनगट एका हाताने घट्ट धरायचं. आपला दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून आपलंच मनगट पकडायचं. आता त्याचा हात कोपरात वाकलेला, आपल्या दोन हातांच्या चौकटीत बंद. मग गर्रकन त्याच्याकडे वळायचं आणि ते मनगट त्याच्याच पाठीमागून वर, डोक्याच्या दिशेने न्यायचं. खांदा जेवढा आतल्या बाजूला फिरतो तेवढा फिरतो आणि मग पुढे जागा उरत नाही. आधी थोपटलं तर ठीक, नाहीतर खांदा किंवा कोपर, दोन्हींपैकी एक जातं. यात दंडातल्या ताकदीचा फारसा प्रश्न येत नाही. जोर येतो तो वळणाऱ्या धडाचा. म्हणूनच ८३ किलोंच्या साकुराबाला हा डाव मानवला.

१९९७ च्या डिसेंबरात योकोहामात त्याने मार्कुस सिल्व्हेराला, म्हणजे जवळपास ११० किलोंच्या ब्लॅक बेल्टला हरवलं, ती हकीकत मागे येऊन गेली आहे. पंचाने आधी चुकून लढत थांबवली, साकुराबा रिंगणातून हलेना, मग त्याच रात्री पुन्हा लढवलं, वगैरे. तिथे निकाल सरळ हात ताणून लागला, त्यामुळे तो प्रसंग आज बाजूला. मनगटाच्या पकडीकडे वळू, कारण तिची दोन जुनी मढी आधी उकरायची आहेत.

पहिलं मढं कराचीतलं. १९७६ चं डिसेंबर. त्याच वर्षी जूनमध्ये मुहम्मद अलीशी ती चमत्कारिक लढत खेळलेला इनोकी कराचीला गेला, समोर अक्रम पहिलवान. अक्रम म्हणजे भोलू बंधूंपैकी एक, इमामबक्षचा मुलगा, थोरल्या गामाचा सख्खा पुतण्या. लढत ठरवून व्हायची की खरी, यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालेलंच नव्हतं असं सांगतात. रिंगणात ती खरी झाली. इनोकीने गॉचकडून आलेली हीच पकड लावली, अक्रम थोपटेना, आणि हात गेला. १९१० साली लंडनला झिबिस्कोसारख्या आडदांड पोलिश मल्लाला अडीच तास जमिनीला खिळवून ठेवणाऱ्या गामाच्या घराण्याला, इंग्लंडातल्या खाणकामगारांचा डाव एका जपान्याच्या हातून असा भोवला. मला या योगायोगाचं फार आकर्षण आहे. संपादकांना नाही, म्हणून इथेच थांबतो.

दुसरं मढं रिओ दि जानेरोतलं. २३ ऑक्टोबर १९५१, माराकाना. जपानचा ज्युदोपटू मासाहिको किमुरा विरुद्ध हेलियो ग्रेसी. किमुराने हेलियोचा हात याच पकडीत घेतला. ज्युदोतही ती होतीच. हाडाचा आवाज आला तरी हेलियो थोपटेना. शेवटी त्याचा थोरला भाऊ कार्लोस याने लढत थांबवायला लावली. या पराभवाचं ग्रेसी घराण्याने काय केलं पाहा: लपवला नाही, उलट जिंकणाऱ्याचं नाव त्या डावाला देऊन टाकलं. ब्राझीलमध्ये आणि आता जगभर त्याला ‘किमुरा’च म्हणतात. असा दिलदारपणा दाखवणारं घराणं आपला डाव दुसऱ्याकडून कधीच खाणार नाही, असं वाटेल. घरातल्या लेकरांना तो पाळण्यापासून ठाऊक होता.

तरी खाल्ला. २१ नोव्हेंबर १९९९, टोकियोतलं आरिआके सभागृह, ‘प्राइड ८’ ही लढतींची रात्र. समोर हेलियोचा मुलगा रॉयलर, अंगाने साकुराबाहून बराच लहान, पण जुजुत्सूचा जगज्जेता. साकुराबाने जवळपास सगळा वेळ उभं राहून त्याच्या पायांवर लाथा घातल्या. रॉयलर पाठीवर पडून ‘ये खाली’ म्हणत राहिला आणि हा जाईना. प्रेक्षकांना कंटाळा आला असेल, मला नाही येत. चितपटाची भीती नसलेला माणूस आणि पाठ टेकली की हरलो असं मानणाऱ्यांकडून शिकलेला माणूस एकमेकांना आपापल्या घरी बोलावत होते. दुसऱ्या फेरीत तेरा मिनिटं उलटून गेल्यावर साकुराबा खाली गेला, मनगट धरलं, हात पाठीमागे वळवला. रॉयलरने थोपटलं नाही. पंच शिमादाने लढत थांबवली आणि ग्रेसी मंडळी संतापली: आमच्या माणसाने हार मानलेली नसताना तुम्ही ठरवणारे कोण? १९५१ मध्ये त्यांच्याच घरच्या माणसाने हेच ठरवलं होतं, याची आठवण त्यांना त्या संध्याकाळी कुणी करून दिली नसावी. पंचाने लढत थांबवायची नाही ही रॉयसची पुढची अट याच रागातून आली. तिचं काय झालं ते डोमच्या लेखांकात.

रॉयसबरोबरच्या मधल्या त्या लढतीवरून उडी मारून मी २७ ऑगस्ट २००० वर येतो, कारण पत्रलेखकांच्या प्रश्नाचं पुरं उत्तर त्या रात्री आहे. सैतामातलं सेइबू डोम. समोर रेन्झो ग्रेसी, माराकानात लढत थांबवणाऱ्या कार्लोसचा नातू. मला विचाराल तर घराण्यातला सर्वात चुरशीने लढणारा. दुसरी आणि शेवटची फेरी संपायला अर्धं मिनिटही नाही. रेन्झो मागे आला, कमरेला मिठी घातली. त्याच्या घरच्या शिकवणीप्रमाणे आता जिंकायची वेळ. साकुराबाने मनगट धरलं, दंडावरून हात घातला आणि वळला. रॉबिन्सनच्या तालमीत जसं वळायचं शिकवलं होतं तसंच, पण उभ्याउभ्याच, आणि त्या फिरकीत दोघेही खाली आले. कोपर सांध्यातून निखळलं. रेन्झोने थोपटलं नाही. पंचाने थांबवलं तेव्हा सतरा सेकंद उरले होते.

लटकणारा हात सांभाळत रेन्झोने ध्वनिक्षेपक मागितला. हरल्यावर लोक पुष्कळ सबबी सांगतात, माझी एकच आहे, आज तो माझ्याहून सरस होता, अशा अर्थाचं बोलला. साकुराबा म्हणजे ग्रेसी घराण्याची जपानी आवृत्ती, असंही म्हणाला. रॉबिन्सनला हे दुसरं वाक्य रुचलं असतं असं वाटत नाही. त्याच्या मते ब्राझीलच्या जुजुत्सूच्या जन्माआधीपासून विगनमध्ये हे चालू होतं.

चार महिन्यांनी रेन्झोचा धाकटा भाऊ रायन हिशेब चुकता करायला आला. पण सरावात त्याचा खांदा दुखावला होता, म्हणून दहा मिनिटांच्या एकाच फेरीची लढत ठरली. साकुराबा गुणांवर जिंकला. दुखऱ्या खांद्याच्या वाटेला तो गेला नाही.